उशीर आधीच झालेला असतो

पाळी आठ दिवस लांबली की घरात जी चौकशी सुरू होते ती बहुतेक कालपरवाची असते. थंड काही खाल्लं का, डोक्यावरून पाणी घेतलं का, उन्हात हिंडलीस का, कशाचं टेन्शन घेतलंस का. उपायही त्याच मापाचे: तीळगूळ, ओव्याचा काढा, पपई, आणि यातलं काही लागू पडलं नाही तर मेडिकलमधून ‘पाळी आणायची गोळी’. नागपूरजवळच्या कामठीत हेच चालतं, नागपुरात हेच, आणि पुण्यामुंबईच्या शिकल्यासवरल्या घरांतही याहून फार वेगळं नाही. या सगळ्या विचारपुशीत एक गोष्ट निसटते. दिवस गेलेले नसतील तर पाळी लांबण्याचं कारण बहुतेक वेळा तारखेच्या आसपास घडलेलंच नसतं. ते दोन-तीन आठवडे आधी घडून गेलेलं असतं आणि आज फक्त उघडकीला येतं. एवढं एक ध्यानात धरलं तर कोणत्या कारणाला किती वजन द्यायचं, कोणत्या उपायावर पैसे घालवायचे नाहीत आणि डॉक्टरांकडे कधी जायचंच, हे बरंचसं आपोआप सुटतं, असं माझं म्हणणं आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तिथून साधारण तास-दीड तासाच्या अंतराने एका संप्रेरकाचे ठोके पडतात. ते पिट्युटरी ग्रंथीला जागं करतात, ती आपली दोन संप्रेरकं रक्तात सोडते, आणि त्यांच्या जोरावर बीजकोशात एक बीज पिकायला लागतं. यात ठोक्यांची लय फार महत्त्वाची. अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडिणींवर केलेल्या प्रयोगांतून १९७८ साली दाखवून दिलं की हेच संप्रेरक सलग दिलं तर पिट्युटरी गप्प होते आणि तासातासाने दिलं तर पुन्हा कामाला लागते. बीज पिकत असताना इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर जाड करत नेतं. बीज सुटलं की मागे राहिलेल्या कोषाचं पीतपिंड बनतं आणि ते प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतं. या पीतपिंडाचं आयुष्य बारा-चौदा दिवसांचं. गर्भ राहिला नाही तर ते आपसूक विझतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर गळून पडतं. तेव्हा बीज सुटलं की पुढच्या पाळीची तारीख जवळपास ठरून गेलेली असते. ओढाताण होते ती बीज पिकण्याच्या आधीच्या टप्प्यात. शरीराला त्या दिवसांत काही अडचण आली तर तो टप्पा लांबतो, बीज उशिरा सुटतं, आणि पाळी तेवढ्याच दिवसांनी पुढे जाते.

याला पुरावा भरपूर आहे. पाळीची नोंद ठेवणाऱ्या एका मोबाइल अॅपवरच्या ६,१२,६१३ चक्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली. बीज सुटण्याआधीचा टप्पा सरासरी १६.९ दिवसांचा आणि नंतरचा १२.४ दिवसांचा. लांब चक्रं आणि आखूड चक्रं यांच्यातला फरक मुख्यतः पहिल्या टप्प्यातून आलेला होता. बरोबर अठ्ठावीस दिवसांची चक्रं शंभरात फक्त तेरा होती. आपल्याकडे अठ्ठावीस हा आकडा पंचांगातल्या तिथीसारखा पक्का धरला जातो आणि तिसाव्या दिवशी मुलीच्या आईला घोर लागतो. जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ संघटना मात्र २४ ते ३८ दिवसांपर्यंतच्या चक्राला सर्वसामान्यच म्हणते, आणि एकाच बाईच्या चक्रांत आठवडाभराचा मागेपुढेपणाही त्यातच बसतो. यावर कुणी म्हणेल की अॅप वापरणाऱ्या परदेशी बायकांवरून विड्या वळणाऱ्या कामठीच्या बाईबद्दल काय कळणार? हरकत रास्त आहे. सरासरीचा आकडा इथे वेगळा निघू शकतो. पण चक्राचा कोणता भाग ताणला जातो हे पीतपिंडाच्या आयुष्यावर ठरतं, आणि ते कामठीत एक आणि स्टॉकहोममध्ये दुसरं असण्याचं काही कारण नाही. रक्तातली संप्रेरकं मोजून झालेले जुने अभ्यासही हेच सांगत आले आहेत.

आता घरच्या चौकशीकडे पुन्हा पाहू. तारीख उलटल्यावर सुरू झालेलं टेन्शन पाळी लांबवू शकत नाही, कारण तोवर बीज कधी सुटायचं ते ठरून गेलेलं असतं. ‘आली नाही म्हणून काळजी करतेस, म्हणून येत नाही’ हे समजुतीचं वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण ते खरं नाही. काल खाल्लेलं दहीही यात निर्दोष. उलट बाजूने पपई आणि काढाही तितकेच निर्दोष. अनेकींचा अनुभव असतो की काढा घेतला आणि दोन दिवसांत पाळी आली. अनुभव खोटा नसतो, पण काढा घेतला जातो तो आठ-दहा दिवस वाट पाहून झाल्यावर, आणि बीज आठ-दहा दिवस उशिरा सुटलं असेल तर पाळी तेव्हाच यायची असते. त्या आठवड्यात जे घ्याल त्याला श्रेय मिळणार. ओवा पोटाला बरा, तीळगूळही चांगलाच. पाळीचा हिशेब त्यांच्या खात्यावर टाकू नये एवढंच.

सगळ्यात आधी मात्र एक शक्यता तपासायलाच हवी, आणि ती सांगण्यात संकोच बाळगून चालत नाही: दिवस गेले असण्याची. संबंध आलेले असतील तर गर्भनिरोधक वापरलं असो वा नसो, बाई लग्नाची असो वा बिनलग्नाची, वय अठरा असो वा सेहेचाळीस, पहिली तपासणी लघवीचीच. चाचणीची पट्टी मेडिकलमध्ये मिळते आणि आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असतं. बीज उशिरा सुटण्याचा मुद्दा इथे फार उपयोगी पडतो. गर्भ रुजल्याशिवाय ज्या संप्रेरकावर ही चाचणी चालते ते तयारच होत नाही, आणि रुजायला बीज सुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात. बीजच दहा दिवस उशिरा सुटलं असेल तर पाळी चुकली त्या दिवशी चाचणी नकारार्थी येणं अगदी साहजिक आहे. म्हणून एक रेघ दिसली की निश्चिंत व्हायचं नसतं. पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा चाचणी करायची असते. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला दुखतंय, थोडं थोडं रक्त जातंय, चक्कर येते, असं असेल तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा वाट पाहणं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

मेडिकलमधून मिळणाऱ्या ‘पाळी आणायच्या गोळी’ची भीती वाटावी ती याचसाठी. या एका नावाखाली दोन भलत्याच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी, जी पाच-दहा दिवस घेऊन थांबवली की रक्तस्राव होतो. दिवस गेलेले असतील तर ती काहीच करत नाही, फक्त आणखी पंधरा दिवस वाया घालवते. दुसरी गर्भपाताची गोळी. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर, देखरेखीखाली आणि गर्भ नऊ आठवड्यांपेक्षा मोठा नसतानाच घ्यायची असते. गर्भ नळीत असेल तर ती गोळी घेऊन रक्त जातं, बाईला वाटतं सुटले, आणि नळीतला गर्भ तसाच वाढत राहतो. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ च्या दुरुस्तीने त्याचा आवाका वाढला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात समान हक्क असल्याचं स्पष्ट केलं. असं असताना काउंटरवर कुजबुजत गोळी घेण्याची पाळी कुणावर येऊ नये. ती येते खरी, आणि का येते ते पुढे पाहू.

दिवस गेलेले नाहीत असं पक्कं झालं की मग मागच्या दोन-तीन आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत, काय घडलं ते शोधायचं. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात साधं कारण आहे अन्न. कामठी ज्या मध्य प्रांतात होती त्या प्रांताने आणि शेजारच्या वऱ्हाडाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ भोगले. त्या काळच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत मरणाचे आकडे फुगलेले दिसतात तसेच, दुष्काळ ऐन भरात आल्यावर साधारण नऊ महिन्यांनी, जन्माचे आकडे कोसळलेले दिसतात. यावर असं म्हणता येईल की नवरे कामाच्या शोधात परगावी गेले, रोगराई पसरली, म्हणून मुलं झाली नाहीत. आणि त्याचा वाटा होताच. पण १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीने हॉलंडच्या पश्चिम भागात उपासमार झाली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बायकांच्या पाळ्या बंद पडल्याचं नोंदवून ठेवलं आहे, आणि अन्न मिळू लागल्यावर त्या परतल्याही. शरीर आधी स्वतःला जगवतं. अन्न अपुरं पडलं की हायपोथॅलॅमसचे ते ठोके मंदावतात आणि बीज पिकणं थांबतं.

दुष्काळ संपले, पण हे कारण संपलेलं नाही. त्याने वेष बदलला. आज ते पोलीस भरतीच्या तयारीत सापडतं. पहाटे साडेचारला उठून आठशे मीटरच्या सरावासाठी मैदानावर पोचणाऱ्या मुली विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात. शंभर मीटर, गोळाफेक, मग क्लास, मग घरची कामं, आणि पोटात एक चहा नि दोन पोळ्या. अमेरिकेतल्या अॅन लाउक्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणींना पाच दिवस अन्न आणि व्यायाम मोजून दिला. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे ३० कॅलरीपेक्षा कमी उरलं की त्या ठोक्यांची लय बिघडायला लागली. पाच दिवसांत. वजन काट्यावर उतरायच्याही आधी. म्हणजे व्यायाम पाळीचा शत्रू नाही, त्याच्या मानाने न खाणं हा आहे. मैदानावर धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर ‘बरंच झालं, कटकट नाही’ म्हणून सोडून देण्यात धोका आहे, कारण इस्ट्रोजेन उतरलं की हाडं ठिसूळ होतात आणि नडगीचं न थांबणारं दुखणं हे कधी कधी हाडाला गेलेल्या बारीक चिरेचं असतं. तिला गोळीची नाही, शेंगदाण्याच्या लाडवांची, डाळीची, अंड्यांची आणि पोटभर भाताची गरज असते.

कामठीत मुस्लिम वस्ती मोठी आहे, विणकरांची जुनी घरं आहेत, आणि रमजानच्या महिन्यात जेवणझोपेची घडीच बदलते. इराणमध्ये कॉलेजच्या मुलींवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्या महिन्यात पाळीच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. रोजेच कशाला, नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढणारीला किंवा रात्रपाळी-दिवसपाळी आलटून पालटून करणाऱ्या नर्सलाही हेच होऊ शकतं. असा एखादा महिना मागेपुढे झाला आणि पुढचा सुरळीत आला तर त्यात आजार शोधू नये. पाळी लांबते म्हणून कोविडच्या लसीबद्दल केवढा गहजब झाला होता. अमेरिकेतल्या जवळपास चार हजार बायकांच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या तेव्हा एका डोसमागे सरासरी एक दिवसाहूनही कमी फरक निघाला, तोही तात्पुरता. प्रत्यक्ष तापाने अंथरूण धरलेल्या बाईची पाळी त्याहून जास्त लांबू शकते. परीक्षा, घरातलं मरण, मोडलेलं लग्न, यांचंही तसंच. फक्त मोजताना तारखेच्या आधीचे आठवडे मोजायचे.

रक्ताबद्दल मात्र एक घट्ट बसलेला समज उलटा आहे. ‘अंगात रक्तच नाही तर पाळी कुठून येणार’ असं सर्रास म्हणतात, आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवल्यामुळे हे म्हणणं पटतंही. पण पाळीत जाणारं रक्त साधारण पाच-सहा चमचे. तेवढंही नसल्यामुळे पाळी थांबली असं होत नाही. बहुतेक ठिकाणी गाडी उलटी चालते: पाळी फार जाते म्हणून रक्त कमी होतं. उपासमारीने पाळी थांबलेल्या बाईचं रक्तही कमी असतं, हे खरं. पण ती दोन्ही एकाच भुकेची लेकरं. लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, त्यांनी थकवा जाईल. लांबलेली पाळी त्यांच्या भरवशावर सोडून देऊ नये. विदर्भापुरता एक अपवाद नोंदवायला हवा, तो सिकलसेलचा. या आजाराचे रुग्ण विदर्भात पुष्कळ आहेत आणि सिकलसेल असलेल्या मुलींना पहिली पाळी उशिरा येते, असं जगभर दिसलं आहे. कुठल्याही मुलीला पंधरा पूर्ण झाली तरी पहिली पाळी आली नसेल तर तपासून घ्यायलाच हवं. विदर्भातल्या मुलीचं त्यात सिकलसेलसाठी रक्तही पाहावं.

दोन ग्रंथी आणि काही औषधं अशीच मागे राहून काम करतात. थायरॉईड मंदावली तर थकवा येतो, केस गळतात, वजन वाढतं, आणि पाळी एक तर लांबते नाही तर फार जाते. पिट्युटरीतून प्रोलॅक्टिन जास्त सुटलं तर बीज पिकणं थांबतं. बाळ अंगावर पीत असताना पाळी येत नाही ती याच संप्रेरकामुळे. पण ते औषधांनीही वाढतं, आणि त्यातलं एक फार घरगुती आहे. अॅसिडिटीसाठी रोज सकाळी उपाशीपोटी जी कॅप्सूल घेतली जाते तिच्यात बऱ्याचदा डोमपेरिडोन मिसळलेलं असतं. दोन-चार दिवस घेतली तर काही नाही. महिनोन्महिने चिठ्ठीशिवाय चालू ठेवणाऱ्या बाईला पाळी लांबल्यावर ती कॅप्सूल आठवतच नाही, कारण तिच्या लेखी ते औषधच नसतं. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांचंही असंच. त्या मनाने बंद करायच्या नसतात, पण डॉक्टरांना सांगायच्या मात्र असतात.

मग येतो तो शब्द ज्याने हल्ली दर दुसऱ्या घरात धास्ती घातली आहे: पीसीओडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा बायकांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या बहुतेकींना तो आहे हेच कळलेलं नसतं. म्हणजे धास्ती अगदीच निराधार नाही. यात बीजं पिकायला लागतात पण शेवटपर्यंत पोचत नाहीत; पुरुषी संप्रेरकं वाढतात, चेहऱ्यावर लव, मुरमं, मानेवर काळपट चट्टे, आणि पाळी चाळीस, साठ, नव्वद दिवसांवर जाते. निदानाची पद्धत २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरली: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणं, आणि सोनोग्राफीत बारीक पुटकुळ्यांनी भरलेले दिसणारे बीजकोश, या तीनपैकी दोन. पण नव्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून हे निदान करायचंच नाही, कारण त्या वयात धडधाकट मुलीचे बीजकोशही तसेच दिसतात. तेव्हा चौदाव्या वर्षी, पाळी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना, पाळी चाळीस दिवसांवर गेली म्हणून सोनोग्राफी करून मुलीच्या कपाळी हा शिक्का मारू नये. पहिली दोन-तीन वर्षं पंचेचाळीस दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. नव्वद दिवस उलटले तर मात्र त्या वयातही दाखवावं. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ हा सल्ला. या त्रासात बऱ्याचदा इन्शुलिनचं काम बिघडलेलं असतं, आणि लग्नाने ते सुधारत नाही. वजन थोडं जरी उतरलं, पाच-दहा टक्के जरी, तरी अनेकींची पाळी परत वळणावर येते, आणि वजन मुळात जास्त नसलेल्यांनाही हा त्रास असतो, हेही तितकंच खरं.

इथे माझ्याच म्हणण्यावर एक हरकत येते. कारण जुनं असेल आणि गोळीने फक्त रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टर तरी ती का देतात? कारण बीज न सुटता महिनोन्महिने अस्तर नुसतं वाढत राहिलं तर ते बिघडतं, पुढे कर्करोगापर्यंतही जाऊ शकतं. म्हणून अशा बाईला तीनेक महिन्यांतून एकदा तरी गोळीने ते पाडावं लागतं. शिवाय गोळीनंतर रक्तस्राव झाला की नाही यावरूनही डॉक्टरांना कळतं की इस्ट्रोजेन आहे आणि वाट मोकळी आहे. फरक इतकाच की तिथे गोळी कारण शोधण्याच्या कामी लावलेली असते, आणि काउंटरवर ती कारण झाकण्याच्या.

बीज वेळेवर सुटूनही पाळी येत नाही, किंवा औषधच ती पुढे ढकलतं, अशाही जागा आहेत. गौरी-गणपतीत, घरच्या लग्नात किंवा हजच्या यात्रेत पाळी नको म्हणून नॉरएथिस्टेरॉनची गोळी घेतली जाते. ती अस्तर धरून ठेवते आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. कुणी ती घ्यावी की नाही हा तिचा प्रश्न, पण पायात रक्ताच्या गाठी होण्याचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. सरकारी दवाखान्यातलं ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांनी घेतात, त्याने पाळी बरेचदा बंदच होते, आणि आत रक्त साचतं या भीतीने बायका ते सोडून देतात. साचत काही नाही. अस्तर वाढलेलंच नसतं. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली ‘छाया’ गोळीही पहिले काही महिने पाळी पुढे ढकलते. बहात्तर तासांत घ्यायची आणीबाणीची गोळी तर काम करते तीच मुळी बीज सुटणं लांबवून, त्यामुळे ती घेतल्यावर पाळी थोडी सरकणं हा तिच्या कामाचाच भाग. आठवड्याहून जास्त सरकली तर चाचणी. याउलट खरी काळजीची जागा म्हणजे गर्भाशयाचा क्षय. आपल्याकडे तो कमी नाही, खोकला नसतानाही असतो, आणि अस्तर जाळून टाकतो, म्हणून बीज सुटत राहूनही पाळी कमी कमी होत बंद पडते. क्युरेटिंगनंतर पाळी न परतणं हेही असंच. आणि एखाद्या मुलीला पाळी एकदाही आली नाही पण दर महिन्याला ठरावीक दिवशी पोटात कळा येतात, तर आतलं रक्त बाहेर यायची वाटच बंद असू शकते. छोट्या शस्त्रक्रियेने ते सुटतं. पस्तिशीत पाळी तीन-चार महिने थांबली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या तर बीजकोश वेळेआधी थकल्याची तपासणी हवी. ‘आमच्या घरात लवकरच जाते’ म्हणून सोडून देऊ नये.

आता तो राहिलेला प्रश्न: हे सगळं डॉक्टर शोधतील, पण बाई डॉक्टरांपर्यंत का पोचत नाही? कामठी ही १८२१ पासूनची छावणी, पण छावणीच्या भिंतीबाहेरची कामठी विणकरांची आणि विडी कामगारांची. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे बाबू हरदास इथलेच, आणि १९३० च्या दशकात त्यांनी ज्यांना संघटित केलं ते विडी कामगारच. विडी घरी वळली जाते. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, सुपात तंबाखू घेऊन मांडी घालून बसायचं, आणि मजुरी हजारी हिशेबाने. एक दिवस नागपूरला डागा दवाखान्यात गेला की त्या दिवसाच्या विड्या गेल्या, बसभाडं वेगळं. पहिल्या खेपेला लघवीची तपासणी, दुसऱ्या खेपेला सोनोग्राफी, तिसऱ्याला रिपोर्ट. त्या तीन दिवसांच्या मजुरीपुढे मेडिकलची गोळी स्वस्त वाटते, आणि बाईचा हिशेब मूर्खपणाचा नसतो. पोटापाण्याचं गणित पाळीपुढे कुठवर जातं ते बीडने दाखवलं: तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्याची माहिती जून २०१९ मध्ये विधान परिषदेत दिली गेली, आणि ऊसतोडीच्या फडावर खाडा नको हे त्यामागच्या कारणांत होतंच.

म्हणून उपदेशापेक्षा खेपा कमी करण्याचा विचार करावा. आशाताई शेवटच्या पाळीची एकच तारीख लिहून घेते, कारण गरोदरपणाचे आठवडे तीवरून मोजतात. पण त्या मोजणीत बीज चौदाव्या दिवशी सुटलं असं धरलेलं असतं; जिची पाळी नेहमीच चाळीस दिवसांनी येते तिचे आठवडे त्याने चुकतात, आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने ते दुरुस्त करावे लागतात. एकीऐवजी मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा सांगता आल्या तर कितीतरी गोष्टी पहिल्याच भेटीत उलगडतात. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिले जातात तिथेच एक बारीक टिंब पुरतं. तारखांबरोबर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकावीत, अॅसिडिटीचीही, कुणाला सांगायच्या नाहीत अशा असतील तर त्याही. लघवीची चाचणी आधीच घरी झालेली असेल तर कामठीच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एकाच सकाळी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनच्या रक्ततपासण्यांपर्यंत पोचता येतं. नेहमी वेळेवर येणारी पाळी तीन महिने आली नाही, किंवा नेहमीच मागेपुढे होणारी सहा महिने आली नाही, की ही सकाळ पुढे ढकलायची नाही.